पुरात तगणारं वाण जमलं, मग उन्हात तगणारं का जमत नाही?

पोटरी_ते_लोंबी
दर चार-सहा महिन्यांनी बातमी येते की हवामान बदलाला पुरून उरणारं भाताचं वाण आलं. खाली शंभर कमेंट्स. अर्धे म्हणतात सुटला प्रश्न, अर्धे म्हणतात कंपन्यांचं कारस्थान. मी भाताच्या ब्रीडिंगमध्ये, म्हणजे नवी वाणं काढण्याच्या कामात, बरीच वर्षं घालवलीयत त्यामुळे दोन्ही वाचून हात शिवशिवतात, म्हणून हा धागा.

आधी जे जमलंय ते सांगतो. ओडिशात धालपुट्टिया नावाचं एक जुनं गावठी वाण होतं, त्यातून निवडून एफआर १३ए काढलं गेलं, एफआर म्हणजे फ्लड रेझिस्टंट. उंच वाढायचं, लोळायचं म्हणजे आडवं पडायचं, उत्पन्न बेताचं, पण आख्खं रोप दोन आठवडे पाण्याखाली गेलं तरी मरायचं नाही. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, तेच ते इरी, १९७०च्या दशकात हजारो नमुने पाण्यात बुडवून बघितले त्यात हे वरच्या नंबरात आलं. मग त्याचा संकर करून वाणं काढली, तगायची पण ती, फक्त शेतकऱ्यांना आवडली नाहीत. १९९६ मध्ये झू आणि मॅकिल या संशोधकांनी दाखवलं की ही ताकद बरीचशी नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेत आहे, आणि २००६ मध्ये नेमकं जनुक हाती लागलं, सब१ए.

आता गंमत बघा. साधं भाताचं रोप बुडालं की जीव खाऊन उंच वाढायला बघतं, हवा गाठायची असते ना, आणि त्यात साठवलेली सगळी साखर उडवून टाकतं. पाणी चार दिवसांत उतरलं तर ठीक, दहा-बारा दिवस राहिलं तर पाणी उतरल्यावर ते रोप आडवं पडतं आणि कुजतं. सब१ए काय करतं तर वाढच थांबवतं. रोप गप्प बसून राहतं, साठा जपतं, आणि पाणी ओसरलं की त्या साठ्यावर नवीन पान काढतं. बस एवढंच.

हा एवढासा तुकडा मग स्वर्णा या वाणात घातला. स्वर्णाच का, तर लोक ते आधीच लाखो हेक्टरवर लावत होते. २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झालं. पूर आला नाही तर स्वर्णाइतकंच पिकतं, आला तर वाचतं. माझं म्हणणं इतकंच की जनुक सापडणं हा सोपा भाग आहे, लोकांना आधीच हव्या असलेल्या वाणात ते बाकी काही न बिघडवता बसवणं हा खरा खेळ. बोला.

बांधावरची_बाभळ
मस्त धागा. एक शंका, मूळ वाण न बिघडवता म्हणजे नक्की कसं? संकर केला की निम्मं निम्मं येणारच ना दोन्हीकडचं.

पोटरी_ते_लोंबी
बरोबर, म्हणून परत परत मूळ वाणाशीच संकर करत जायचं. पहिल्या पिढीत निम्मं सब१ देणाऱ्या वाणाचं, दुसऱ्यांदा स्वर्णाशी केला की पाव, मग एक अष्टमांश. जुन्या पद्धतीत सहा-सात पिढ्या जायच्या. आता प्रत्येक पिढीत कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन डीएनए बघतात, तुकडा आलाय का, आणि बाकीचं जास्तीत जास्त स्वर्णाचं कुठल्या रोपात आहे. तेच रोप पुढे न्यायचं, बाकीची फेकायची. स्वर्णाच्या वेळी दोन-तीन बॅकक्रॉसमध्ये काम झालं.

आणि संकर म्हणजे काय काम असतं ते एकदा बघाच कुणीतरी. भाताचं फूल म्हणजे तो दाण्याचा हिरवा टरफलासारखा भाग, त्यात सहा परागकोश आणि मधे पिसासारखा दुहेरी स्टिग्मा, परागकण झेलणारा भाग. फूल उमलायच्या आधी कात्रीने टरफलाचा वरचा तिसरा हिस्सा तिरका छाटायचा, चिमट्याने किंवा बारीक सुई लावलेल्या व्हॅक्युम पंपाने सहाच्या सहा परागकोश ओढून काढायचे. एक जरी राहिला तरी फूल स्वतःशीच फळतं आणि तुमचा संकर गेला. मग लोंबीला बटरपेपरची पिशवी. दुसऱ्या दिवशी नर झाडाची लोंबी उमलली की पिशवी उघडून तिच्यावर झटकायची. उमलण्याची वेळ तासाभराची, त्यामुळे त्या तासात कुणी फोन केला तर आम्ही उचलत नाही.

शंकासूर
सगळं छान छान चाललंय. म्हणजे बाकी काहीच आलं नाही बरोबर? खरं सांगा.

पोटरी_ते_लोंबी
आलं की. स्वर्णाच्या टरफलावर सोनेरी-तपकिरी झाक असते, नावच त्यावरून. स्वर्णा-सब१चं टरफल गवती पिवळं निघालं, कारण रंगाचं जनुक सब१च्या शेजारीच बसलंय आणि ते सोबत घसटत आलं. इथे नुकसान काही नाही, उलट दोन वाणं नजरेने वेगळी ओळखता येतात. पण शेजारी दर वेळी इतका निरुपद्रवी नसतो. दुष्काळाचा किस्सा याच्या उलटा आहे, तो कुणी माहीतगार सांगेल तर बरं, मला आता निघायचंय.

मेंडेलचा_वाटाणा
मी सांगते. हरितक्रांतीचं ते बुटकं वाण, आयआर ८, १९६६ चं. त्याचा बुटकेपणा तैवानच्या डी-जिओ-वू-जेन नावाच्या वाणातून आला, एसडी१ हे जनुक. बुटकं झाड लोळत नाही, खत टाकलं तर उंची न वाढता दाणे वाढतात, सगळं जग त्याच्या मागे गेलं. आता पहिल्या गुणसूत्रावर एसडी१ला अगदी खेटून दुष्काळात उत्पन्न टिकवणारी एक जागा आहे, क्यूडीटीवाय१.१. जुन्या उंच वाणांमध्ये, नगीना २२, धगड्डेशी वगैरे, ती चांगली जागा उंचीच्या जनुकासोबत बसलेली होती. ब्रीडर बुटकी झाडं निवडत गेले आणि नकळत दुष्काळ सोसण्याची ताकद बाहेर टाकत गेले, पन्नास वर्षं. मुद्दाम कुणी केलं नाही, पाण्याची सोय असलेल्या प्लॉटवर निवड केली तर ते दिसणारच कसं!

नंतर हजारो रोपं तपासून त्या दोघांची फारकत करावी लागली, बुटकं पण दुष्काळात तगणारं झाड शोधायला. २०१५ मध्ये यावर चांगला पेपर आला होता. त्यामुळे पोटरी यांचं म्हणणं मला पटतं पण अर्धवट. कधीकधी नवीन काही घालायचं नसतंच, आपणच हाकललेलं परत आणायचं असतं.

निम्मा_शहरी
+१ वाटाणाताई, हे माहीतच नव्हतं. मग खोल मुळांचं काय झालं? मध्ये कुठेतरी वाचलेलं.

मेंडेलचा_वाटाणा
डीआरओ१. जपानचे संशोधक उगा आणि मंडळींनी २०१३ मध्ये दाखवलं. फिलिपिन्सचं किनांदांग पातोंग हे कोरडवाहू वाण, त्यातलं जनुक आयआर ६४ या वाणात घातलं. आयआर ६४ची मुळं आडवी पसरतात, या जनुकाने मुळाचा कोन खाली वळतो, एवढाच फरक, मुळांची संख्या वगैरे तेवढीच. दुष्काळात उत्पन्न टिकलं. पण लगेच टाळ्या वाजवू नका, २०२० मध्ये त्याच वळणाच्या कामातून उलटं निघालं. क्यूएसओआर१ म्हणजे मुळं वरच्या थरात पसरवणारं जनुक, आणि खारट पाणथळ खाचरात तेच फायद्याचं, कारण खाली प्राणवायूच नसतो. स्फुरद (फॉस्फरस) पण वरच्या थरात जास्त असतं. म्हणजे दुष्काळाला मुळं खाली पाहिजेत, खारपड पाणथळीला वर. एकाच शेतात एका वर्षी हे आणि दुसऱ्या वर्षी ते झालं तर काय करणार?

बांधावरची_बाभळ
खाऱ्याचा विषय निघालाच आहे तर पोक्कलीबद्दल कोणी लिहा ना.

खारवण
केरळचं पोक्कली. उंच, लोळणारं, पण समुद्राचं पाणी शिरणाऱ्या खाचरात शतकानुशतकं उभं. त्यातून पहिल्याच गुणसूत्रावरचा साल्टॉल हा तुकडा मिळाला. पानात सोडियम कमी जाऊ द्यायचं आणि पोटॅशियम धरून ठेवायचं हे त्याचं काम. मी खारपड जमिनीत भात लावतो म्हणून अनुभवाने बोलतो, साल्टॉलवाली वाणं रोपात असताना चांगली तगतात, पानांची टोकं जळत नाहीत, फुटवे येतात, बघून जीव सुखावतो. आणि निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, पाऊस उघडीप देतो, क्षार वर चढतात, लोंब्या पांढऱ्या पडतात, निम्मे दाणे पळंज, म्हणजे पोकळ. कारण साल्टॉल मुख्यतः रोपाच्या अवस्थेत काम करतं, फुलोऱ्यातलं क्षार सोसणं हा वेगळाच गुण आहे, वेगळी जनुकं. पाकिटावर मात्र फक्त 'क्षारसहनशील' छापलेलं असतं. कुठल्या अवस्थेत ते पण छापा की राव.

शंकासूर
आता मूळ प्रश्नावर या. शीर्षक वाचून आलोय, उन्हाचं काय?

पोटरी_ते_लोंबी
आलो. तर सब१ ही लागलेली लॉटरी होती. एक जनुक, मोठा परिणाम, रोपाच्या अवस्थेतलं संकट, टाकीत बुडवून चौदा दिवसांनी मेलं का जगलं ते डोळ्याने दिसतं. उन्हाचं यातलं काहीच नाही.

भाताला ऊन जास्त कधी लागतं तर फूल उमलतं तेव्हा. साधारण सकाळी दहा ते बारा. त्या तासाभरात ३५ अंशांच्या वर पारा गेला तर परागकोश नीट फाटत नाहीत, परागकण फुगत नाहीत, स्टिग्मावर पडले तरी रुजत नाहीत. परागकण मुळातच काही मिनिटं जगतो. म्हणजे आख्ख्या हंगामाचा निकाल प्रत्येक फुलाच्या एका तासात लागतो. महिनाभर ३८ अंश असलं आणि तो तास टळला तर दाणा धरायला फारशी अडचण येत नाही, आणि उलटही.

त्यात हवेची आर्द्रता. कोरड्या हवेत ४० अंशांतही लोंबी बाष्प सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश थंड राहते, ऑस्ट्रेलियात असं मोजलंय. दमट हवेत ३६ लाच बोंब, कारण बाष्प सुटतच नाही. त्यामुळे एका ठिकाणी उष्णता सोसणारं ठरलेलं वाण दुसरीकडे साफ झोपतं.

नगीना २२ इथे पण पुढे आहे. त्याच्या चौथ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा सापडला, घालूनही बघितला, थोडा फरक पडतो. थोडाच. एकट्याने निभावून नेईल असं काही त्यात नाही.

मेंडेलचा_वाटाणा
सकाळी लवकर उमलणाऱ्याचं पण सांगा, माझं आवडतं आहे ते.

पोटरी_ते_लोंबी
हो, ते हुशारीचं काम. ओरायझा ऑफिसिनॅलिस नावाचा रानटी भात पहाटेच्या बाजूला उमलतो. त्याचा तुकडा आयआर ६४ सारख्या वाणात आणला तर फूल दीड-दोन तास आधी उघडतं, ऊन तापायच्या आत कारभार आटोपलेला. ऊन सोसण्याऐवजी ऊन चुकवायचं. मला हा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो, पण यानेही रात्रीचा प्रश्न सुटत नाही.

अवकाळी
रात्रीचा म्हणजे?

गणिताचा_तास
इरीच्याच शेतावरचा अभ्यास आहे, २००४ मध्ये छापला गेला. १९७९ ते २००३ या काळात तिथलं दिवसाचं कमाल तापमान ०.३५ अंश वाढलं आणि रात्रीचं किमान १.१३ अंश. आणि १९९२ पासूनच्या उत्पन्नाशी जोडून बघितलं तर कोरड्या हंगामात किमान तापमानाच्या दर एका अंशाला उत्पन्न सुमारे १० टक्के घटलेलं. दिवसाच्या तापमानाशी तसा संबंध दिसला नाही. तिथलं पाणी-खत सगळं व्यवस्थित, म्हणजे शेतकऱ्याची चूक वगैरे म्हणायला जागा नाही.

कारण ढोबळमानाने असं की गरम रात्री झाड जास्त श्वसन करतं, दिवसा कमावलेलं रात्री जाळतं. आणि रात्र टाळायची कशी? पाहिजे तेव्हा उमलता येतं, रात्र तर रोजच येणार.

निम्मा_शहरी
बापरे. पण कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं जास्त वाढतात असं शाळेत शिकवलेलं, त्याचा फायदा नाही का होणार?

गणिताचा_तास
थोडा होतो, पण त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. २०१८ मध्ये चीन आणि जपानच्या उघड्या शेतात जास्तीचा वायू सोडून १८ वाणं तपासली, प्रथिनं सरासरी १०.३ टक्के कमी, लोह ८ टक्के, जस्त ५.१ टक्के, काही ब जीवनसत्त्वं पण कमी. पोतं तेवढंच भरेल, आतला दाणा हलका. यावर ब्रीडिंगमध्ये फारसं कोणी बोलत नाही असं माझं मत.

अवकाळी
दर्जाचं म्हणाल तर जपानचा २०२३ चा उन्हाळा आठवा. निगाता प्रांतातल्या कोशिहिकारी या नावाजलेल्या वाणाचा पहिल्या प्रतीचा माल एरवी बराच जास्त असतो, त्या वर्षी पाच टक्क्यांच्या आसपास आला. दाण्यात दूध भरताना ऊन जास्त झालं की दाणा आतून खडूसारखा पांढरट राहतो, गिरणीत तुटतो, कणी होते. वजन फारसं घटत नाही पण भाव जातो. म्हणजे उष्णतेचे तीन वेगळे मार आहेत, फुलोऱ्यात, दूध भरताना आणि रात्री.

शंकासूर
मग जीन एडिटिंगने करून टाका की एकदम सगळं. २०२५ च्या मे महिन्यात भारतात दोन वाणं जाहीर झाली ना.

मेंडेलचा_वाटाणा
झाली. डीआरआर धान १०० हे सांबा महसुरीतून, आणि पुसा डीएसटी राइस १ हे एमटीयू १०१० मधून. बाहेरचं जनुक घातलेलं नाही, आहे त्याच जनुकात छोटा बदल. २०२२ मध्ये अशा बदलांना जीएमच्या (बाहेरचं जनुक घातलेल्या पिकांच्या) नियमांतून सूट मिळाली त्यामुळे रस्ता मोकळा झाला. दुसऱ्यात डीएसटी या जनुकाचं काम बंद पाडलंय, त्याने पानावरची रंध्रं कमी होतात आणि पाणी, क्षार दोन्हींत फायदा व्हावा अशी कल्पना. उत्पन्नाच्या आकड्यांवर वाद झालेत, मला त्यात आत्ता पडायचं नाही.

पण शंकासूर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की कात्री कितीही चांगली असली तरी कुठे कापायचं ते माहीत पाहिजे. सब१ए तर बऱ्याच वाणांत नाहीच, आख्खं जनुकच नाही, त्यामुळे तिथे एडिट करायला काही नसतंच. आणि उष्णतेला वीस-तीस जागा थोडं थोडं योगदान देतात, त्यातल्या अर्ध्या आपल्याला ठाऊक नाहीत. तिथे आता सगळ्या गुणसूत्रांवरच्या खुणांची बेरीज करून रोपाची किंमत अंदाजतात आणि प्रकाश-तापमान नियंत्रित खोल्यांमध्ये वर्षाला चार-पाच पिढ्या काढतात. तिथून काही निघेल तर निघेल.

जुनाजाणता
सगळं वाचलं. सर्वजण हुशार आहात पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. भात स्वतःशीच फळतो, म्हणजे एकदा बी घेतलं की शेतकरी घरचंच बी ठेवतो. मग खासगी बियाणं कंपनीने स्वर्णा-सब१ का विकावं? एकदाच गिऱ्हाईक. म्हणून हे सगळं सरकारी साखळीवर अवलंबून, पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, एकेका पायरीला एकेक हंगाम. आणि पुढच्या वर्षी किती लागेल ती मागणी आधी नोंदवायची असते. नवीन वाणाची मागणी कोण नोंदवणार, माहीतच नाही तर? मागणी नाही म्हणून बी नाही, बी नाही म्हणून मागणी नाही. मी या साखळीत काम केलंय, पायाभूत बियाणं गोदामात पडून वय झालेलं बघितलंय.

बांधावरची_बाभळ
जुनाजाणता काका, मग स्वर्णा-सब१ पसरलं कसं?

जुनाजाणता
छोट्या मोफत पिशव्या वाटल्या, पूर आला, शेजारच्याच्या खाचरातलं मेलं आणि याचं उभं राहिलं. पुढच्या वर्षी शेजारी बी मागायला आला. पूर हाच प्रचार. तेच तुमच्या उष्णतेच्या वाणात होणार नाही, पंधरा टक्के पळंज कमी झालेलं बांधावरून कोणाला दिसतंय?

पोटरी_ते_लोंबी
काका, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता या अंगाने, आणि तो आमच्या चाचण्यांनाही लागू आहे. उष्णतेची चाचणी घ्यायची तर ऊन आपल्या सोयीने पडत नाही, म्हणून मुद्दाम उशिरा पेरतो, फुलोरा कडक उन्हात यावा म्हणून. पण उशिरा पेरलं की दिवसाची लांबी बदलते, किडी बदलतात, हळवं (लवकर येणारं) वाण आणि गरवं (उशिरा येणारं) वाण वेगवेगळ्या आठवड्यात निसवतं, मग पळंज कशाने झालं ते सांगणार कसं? एकाने सोसलं की एकाचा फुलोरा नशिबाने ढगाळ दिवशी आला?

खारवण
आमच्याकडेही तेच, क्षार दर वर्षी वेगळे.

पोटरी_ते_लोंबी
म्हणून आता लोंबीवर छोटे सेन्सर लावून उमलण्याच्या तासाचं लोंबीचंच तापमान मोजतात, हवेचं नाही. आणि रात्रीसाठी शेतातच तंबू ठोकून संध्याकाळी बंद करायचे, हीटर लावायचा, सकाळी उघडायचे. खर्चिक आहे, एका तंबूत मूठभर वाणं बसतात. हजार वाणं तपासायची असतील तर हजारो रात्री तंबू उघडबंद करणारी माणसं पाहिजेत, आणि नेमकी तीच पदं भरली जात नाहीत. काका, तुमच्या साखळीत मागणी नोंदवायची शेवटची तारीख साधारण कधी असते? कारण आमचे चाचण्यांचे आकडे हातात येईपर्यंत ती उलटून गेलेली असते असा मला दाट संशय आहे.

जुनाजाणता
संशय कसला, तसंच आहे. व्यनि (खासगी निरोप) करतो, तक्ता पाठवतो.